तीन दशांश स्थळं

समितीला रविवारपर्यंत एक पान हवंय :
युवा विकास उपक्रम, उद्दिष्ट आणि मूल्यं.
"फार नको, पाच मुद्दे द्या," करमरकर म्हणाले,
"प्रायोजकांना वाचायला सोपं जातं."

मी स्टोअरकीपर माणूस.
मूल्य हा शब्द रोजच लिहितो,
नटाचं, वॉशरचं, गॅस्केटचं,
रियाल आणि बैसांत,
तीन दशांश स्थळांपर्यंत.
पण रात्री दहाला, वादी कबीरच्या या खोलीत,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असताना
'नेतृत्वगुण' लिहिलं आणि खोडलं.
'संस्कार' लिहिलं,
त्याच्याकडे जरा वेळ बघत बसलो,
तेही खोडलं.

घडतं ते असं :
शुक्रवारी चारला, शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलचं
कुलूप अडकतं.
किल्ली किंचित उचलून डावीकडे फिरवायची
ही युक्ती झुबेर परकारला येते, मला नाही.
मग सतरा-अठरा पोरं, चपलांचा ढीग,
चिप्सचा चुरा भरलेले पराठे,
तीन भाषांत भांडण,
आणि खूपच लागलं असेल तर चौथीत,
आईच्या.
निबंधात 'माझे गाव' म्हणून कोणी दापोली लिहितं,
कोणी मंगळवेढं.
पंधरा दिवसांचं गाव, तेही मे महिन्यातलं.

महिन्यातून एकदा रुसैलच्या कॅम्पवर जातो.
खिलारे नावाचे एक शटरिंग-सुतार आहेत तिथे.
पगारपत्रकावर अंगठा नको, सही करायची, म्हणाले.
शलाकानं त्यांना 'ख' शिकवला चार शुक्रवार.
पाचव्या शुक्रवारी ते म्हणाले, पोरी,
तुझ्या 'ख'चं पोट फार मोठं,
माझा बघ, ओळंब्यात आहे.
होता.

आणि मग ती पेटी.
वर्गणीत चार रियाल सहाशे बैसा कमी आले.
हॉलमध्ये कोणी कोणाकडे बघेना.
उन्हानं तापलेला डोंगर खिडकीत येऊन उभा राहिल्यासारखा.
माझ्या तोंडात भाषण तयार होतं,
प्रामाणिकपणावर, म्हणीसकट.
झुबेर उठला. मी घेतले, म्हणाला.
खिलारेंची मुलगी दवाखान्यात होती,
त्यांच्या फोनमध्ये पैसे नव्हते,
दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती.

मला वाटलं, आता टाळ्या वाजतील.
नाही वाजल्या.
आठवीतला गंधार म्हणाला,
"पण फोन तर तुझ्याकडेही होता.
आम्हाला का नाही केलास?"
झुबेरकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.
दीड तास बोलले. मी चहा आणायला गेलो
आणि मुद्दाम उशिरा आलो.

वहीत शलाकाच्या अक्षरात लिहिलेलं होतं :
'४.६०० झुबेरने घेतले. कारण बरोबर होतं.
विचारलं नव्हतं, ते बरोबर नव्हतं.
पैसे सगळ्यांनी मिळून भरले, त्यानेही.
पेटीची किल्ली त्याच्याकडेच राहील.'
खाली सतरा सह्या.
अठराव्या जागेवर पेन्सिलीनं फुली,
माझ्यासाठी.

ऑगस्टमध्ये झुबेर जाईल.
बापाच्या व्हिसातून नाव गळण्याचं वय झालं.
रत्नागिरीत कॉलेज, मामाकडे राहणं,
आणि तिथली पोरं त्याला 'दुबईवाला' म्हणतील,
मस्कत सांगून सांगून थकेल बिचारा.
दरवर्षी असे दोघं-तिघं जातात.
आपण घडवायचं आणि विमानतळावर सोडून यायचं,
परत येताना गाडीत मागची सीट उगाच मोठी वाटते.
हे कुठल्या मुद्द्यात बसवू, करमरकर?

काल तो गंधारला कुलूप शिकवत होता.
"जोर नको लावू. उचल. आता डावीकडे."
पोराच्या हातून तीनदा अडकलं.
मी जिन्यात उभा होतो, पुढे झालो नाही.

समितीला वहीच्या त्या पानाची झेरॉक्स देतोय.
मुद्दे पाच नाहीत.
आकडा मात्र बघून घ्या,
शेवटच्या शून्यापर्यंत जुळतो.